आवाज कामाला गेलाय

गेल्या आठवड्यात नांदेडला, वजिराबादच्या चौकात, सोजरताई मला कूलर विकत होत्या.

"उकाड्यानं जीव बेजार झाला का हो? मग घरात बसून पंख्याला शिव्या कामून देऊन राहिलात?" रिक्षाच्या टपावरच्या भोंग्यातून आवाज आला आणि मी भर रस्त्यात स्कूटी थांबवली. मागचा एकजण हॉर्न वाजवून दमला, मग मलाच चार शब्द सुनावून गेला. गेला तर गेला. रिक्षात ताई नव्हत्या, नसणारच. ताई लातुरात आपल्या घरी होत्या, आणि त्यांच्या गळ्यातून आता "चहा घे" एवढंही धड ऐकू येत नाही. तो भोंगा ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. भाजी करपते, हिशेब चुकतो, नवरा विचारतो काय झालं. काय सांगू? कूलरच्या जाहिरातीनं रडू आलं म्हणून सांगू?

मी मूळची हिमायतनगरची. लग्नाआधी काही वर्षं लातूरला एका जाहिरातीच्या दुकानात कॉम्प्युटरवर होते. दुकान म्हणजे पुढं फ्लेक्सचं मशीन आणि मागं भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेली रेकॉर्डिंगची खोली. बॅनर, पत्रिका, हँडबिल, रिक्षावरची जाहिरात, सगळं आमच्याकडं व्हायचं. मजकूर आणि आवाज सोजरताईंचा. लातूरपासून औशापर्यंत आणि इकडं उदगीरपर्यंत भोंग्यातून बाई बोलली की ती सोजरताईच, हे लोकांनी धरूनच चाललेलं.

बाई जळकोटकडची. अंगानं बारीक, आवाजानं दणकट. हातात कोपराच्या दिशेनं निम्म्यापर्यंत हिरव्या बांगड्या. त्यांना बसलेलं मी फार कमी पाहिलं. चहा उभ्यानं, जेवण फिरत फिरत, फोन आला की पार रस्त्याच्या पलीकडं जाऊन बोलून परत यायच्या. मालकांनी त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आणली, तर त्या खुर्चीवर गुडघा टेकवून खोलीभर सरकायला लागल्या. "ताई, बसा की जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "बसले की डोकं बी बसतंय माझं."

कामाची त्यांची एक रीत होती. कुठल्याही दुकानाची जाहिरात लिहायची तर आधी तिथं जायचं आणि मालकाला एकच विचारायचं, "गिऱ्हाईक काही न घेता माघारी जातंय, तवा काय म्हणून जातंय?" दुकानदार गोंधळायचे. आमचा माल एक नंबर, आमची सर्व्हिस एक नंबर, असं सुरू करायचे. ताई हात झटकायच्या. "एक नंबर समदेच हायत हो शेठ. पळून गेलेलं गिऱ्हाईक काय बोललं ते सांगा." तेवढं एक वाक्य मिळालं की त्यांची चाल बदलायची. परत येताना रिक्षात त्या ओठातल्या ओठात पुटपुटत यायच्या आणि रिक्षावाला बब्रुवान आरशातून बघून मला खुणावायचा, जुळलं म्हणून.

मग एआय आलं. मालकांनी कुठूनतरी शिकून आमच्या कॉम्प्युटरवर ते सुरू केलं आणि दोन दिवस दुकानात दुसरा विषय नाही. मालक खूश. आता मजकुरासाठी कुणाच्या दुकानात जायला नको, पेट्रोल नको, काही नको. त्यांनी ताईंसमोरच एका भांड्याच्या दुकानाची जाहिरात करून मागितली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मजकूर हजर: "उत्कृष्ट दर्जा, अतुलनीय सेवा! आपल्या स्वयंपाकघराला द्या एक नवी ओळख!"

ताईंनी पदर तोंडाला लावला. "अगं माय! सैपाकघराला ओळख? चुलीचं आधार कार्ड काढायचंय का?"

मला वाटलं झालं, आता या बाई त्या मशीनकडं ढुंकून बघायच्या नाहीत. पण नाही. मालक गेल्यावर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या, "इचार गं तिला, अजून काय येतंय." ती! त्या दिवसापासून ते एआय आमच्याकडं बाईमाणूस झालं आणि ताईंनी तिचं नाव ठेवलं सूनबाई. "शिकलेली सून हाय. हात लई चालतोय तिचा. पर घर ठावं न्हाई तिला. घर आपण दाखवायचं."

आणि खरंच दाखवायच्या. माझ्या पाठीमागं येरझाऱ्या घालत सुनेला सगळं सांगायच्या, मी टाइप करायचं. औशाचा बाजार कसा, बाई भांडं कसं उचलून बघते, म्हातारा कसा आधी भाव विचारतो आणि मग नाव. सुनेनं गुळगुळीत काही लिहिलं की ओरडायच्या, "न्हाई न्हाई न्हाई, पुण्याला निघाली बघ ही, उतरव तिला!" हसून हसून माझा हात थांबायचा.

ते भांड्याचं दुकान औशाच्या वसंततात्यांचं. आम्ही गेलो तेव्हा तात्या गल्ल्यावर गाल फुगवून बसलेले. ताईंनी नेहमीचा प्रश्न टाकला. तात्या म्हणाले, "काय म्हणतंय? येतंय, पातेल्याला टिचकी मारतंय, भाव इचारतंय, अन् ‘बघून येतो’ म्हणून जातंय. दिवसभर टिचक्याच ऐकून राहिलो मी."

परत आल्यावर ताईंनी टिचकीसकट सगळं सुनेला सांगितलं. तिनं पुष्कळ काही लिहिलं, त्यात एका ओळीत होतं की ते भांडं अजून तुमची वाट पाहत आहे. ताई जागच्या जागी थांबल्या. त्या थांबल्या म्हणजे काहीतरी होतं. "पातेलं वाट बघतंय. ही सुनेची बुद्धी हाय बरं, आपली न्हाई," त्या म्हणाल्या आणि गादीच्या खोलीत शिरून दार ओढून घेतलं. बाहेर आली ती जाहिरात अशी: "तात्याच्या दुकानात पातेल्याला टिचकी मारून ‘बघून येतो’ म्हणून गेलात ना? अहो, ते पातेलं तवापासून तुमची वाट पाहून राहिलंय!"

औशात लोकांना ती जाहिरात तोंडपाठ झाली. कुणी "बघून येतो" म्हटलं की सगळं दुकान हसायचं आणि जाणारं माणूस लाजून परत फिरायचं. तात्यांनी ताईंना एक पातेलं दिलं, पितळी, वर नाव घालून. ताई म्हणाल्या, "सुनेचं बी नाव घाला की." तात्यांना कळलंच नाही कोण सून. ते बिचारे "किती लेकरं तुम्हाला?" विचारत बसले.

त्याच हंगामात ताईंचा आवाज बसायला लागला. आधी वाटलं घसा आहे, हळद-दूध घेतलं की होईल. मग दिवसाच्या शेवटी आवाज फाटू लागला, मग सकाळीच. डॉक्टरांनी बघून सांगितलं, स्वरतंतूंवर गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि नंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबूजसुद्धा नाही. तेवढं पाळलं तर आवाज परत येईल. नाही पाळलं तर जबाबदारी तुमची.

ताईंचे यजमान, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो, अडत बाजारात मापाडी. अबोल माणूस. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "देवानं ऐकलं माझं. लगीन झाल्यापासून ‘गप बस’ म्हणून राहिलो." आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी बोलले न्हाई तर मी हाय तरी कोण गं?"

मालकांनी मार्ग काढला. एआयला आवाजाची नक्कल करता येते. ताईंनी ऑपरेशनच्या आधी वेगवेगळं बोलून ठेवायचं, मशीन तो आवाज शिकेल, मग मजकूर टाइप केला की ताईंच्या आवाजात जाहिरात तयार. ताईंना पटलं. पोटाचा प्रश्न होताच, पण त्याहून जास्त, आपण बाजारातून नाहीशा होऊ ही भीती त्यांना खात होती. बांगड्यांचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी हाताला रुमाल बांधला आणि गादीच्या खोलीत उभं राहून जुन्या जाहिराती एकामागून एक म्हटल्या. साड्या, चपला, कीटकनाशक, क्लासेस, आइस्क्रीम.

मशीन पुढं आनंदी, रागीट, शांत, दुःखी असे नमुने मागायला लागलं. दुःखी म्हटल्यावर ताई हसल्या. "रडत रडत कुणी चपला विकतंय का?" मग म्हणाल्या, "तो आवाज न्हाई द्यायचा. त्याला मी स्वतः जात असते."

ते मला माहीत होतं. आमच्याकडं गावात कुणी गेलं की रिक्षातून पुकारतात, अंत्यविधी किती वाजता आणि कुठं. ताई ते काम कधी रेकॉर्ड करून देत नसत. आधी त्या घरी जायच्या, आणि गेलेल्या माणसाला गाव काय म्हणायचं ते विचारून घ्यायच्या. रिक्षात चढण्याआधी चपला काढून सीटखाली ठेवायच्या आणि अनवाणी बसून स्वतः माइकवर सांगायच्या. त्या दिवशी दुसरी कुठलीही जाहिरात करायची नाही. त्यावर मालकांची चिडचिड व्हायची, पण ताईंपुढं कुणाची डाळ शिजत नव्हती.

ऑपरेशन झालं. ताई गप्प झाल्या, आणि त्यांचं गप्प राहणं त्यांच्या बोलण्यापेक्षा दांडगं होतं. घरात जीव रमेना म्हणून दुकानात यायच्या, टाळ्या वाजवून मला बोलवायच्या, पाय आपटायच्या, कुणी चुकीचं बोललं की कपाळावर हात मारायच्या. बाहेरून त्यांचाच आवाज ओरडत जायचा, "सेल सेल सेल, बायांनो, पळत या!" तेव्हा कान देऊन उभ्या राहायच्या आणि हातानं खुणावायच्या, इथं दम घ्यायला पाहिजे होता. एका सकाळी मला त्यांचा मेसेज आला: "माझा आवाज कामाला गेलाय. मी घरी हाय. भाकरी थापून राहिले." मी तो मेसेज अजून ठेवलाय.

महिना संपत आला होता. आणि वसंततात्या गेले. झोपेतच गेले.

औशाहून मला फोन आला, मी ताईंना कळवलं, आणि आम्ही दोघी एसटीनं औशाला निघालो. पूर्ण रस्ताभर ताई खिडकीच्या गजावर बोटं वाजवत होत्या. औशाच्या स्टँडवर उतरलो, आणि बाजाराच्या बाजूनं आधी सेलच्या जाहिरातीपूर्वी वाजतं ते संगीत ऐकू आलं. टणाटण टणाटण. मग ताईंचा आवाज. गोड, हसरा, शेवटाला उडी मारणारा:

"औसेकरांनोऽ! भांड्याचे व्यापारी वसंतराव यांचं आज पहाटे दुःखद निधन झालेलं आहेऽ! अंत्ययात्रा दुपारी चार वाजता त्यांच्या राहत्या घरून! सर्वांनी अवश्य यावंऽ!"

आम्हाला न विचारता मालकांनी घाईत मजकूर टाइप केला, मशीननं आवाज दिला, बब्रुवाननं पेनड्राइव्ह लावला आणि फिरायला लागला. मजकुरात एक शब्द चुकीचा नव्हता. मालक नंतर हेच सांगत राहिले, मजकूर बरोबर होता, मजकूर बरोबर होता. अहो, पण त्या मशीनला ताईंनी फक्त विकायचा आवाज दिलेला! त्याला दुसरा येतच नव्हता.

स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर माणसं माना खाली घालून हसत होती. ताईंना बघून हसू थांबलं. एक म्हातारा पुढं आला, ओळखीचाच होता. म्हणाला, "सोजरताई, तात्याच्या मयताला बी सेल लावला का माय?"

ऑपरेशनचं त्याला काय माहीत. औशात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ते ताईच बोलल्या होत्या. ताईंचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या पळायला लागल्या. एवढी पोक्त बाई भर बाजारातून लुगडं सावरत रिक्षामागं पळते आहे, आणि मी त्यांच्यामागं "ताई, ताई" करत.

तात्यांच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सापडली. ताईंनी हात घालून पेनड्राइव्ह उपसला आणि गटारीत फेकला. बब्रुवान "अहो ताई, मालकांनी सांगितलं," म्हणत राहिला. मी माइक उचलला. म्हटलं, "मी सांगते. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." ताईंनी माझ्या हातातून माइक ओढून घेतला. मी सोडेना. मग त्या माझ्या कानाशी आल्या आणि तो महिनाभरातला पहिला आवाज, घोगरा, वाळूतून ओढल्यासारखा:

"माझ्याच आवाजानं घाण केलीया. ती माझ्याच आवाजानं धुवायची."

मी माइक सोडला. काय करणार होते? त्यांनी चपला काढल्या, सीटखाली ठेवल्या, अनवाणी आत बसल्या. बब्रुवाननं मुकाट्यानं गाडी सुरू केली, एकदम हळू. मी बाजूनं चालत होते.

"मंडळी. आपले भांडेवाले तात्या गेले." एवढं बोलून त्या थांबल्या. भोंग्यातून बांगड्यांची किणकिण आली, हाताला रुमाल नव्हता ना. "पहाटं गेले. मगाशी जे तुम्ही ऐकलंत, ते मी बोलले न्हाई, पर आवाज माझा हाय. म्हणून माफी मी मागते. चार वाजता घरून निघायचंय. या."

हेच त्या गल्लोगल्ली सांगत गेल्या. प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा थोडा कमी होत गेला. तात्यांच्या दारासमोर तर नुसता श्वास येत होता, आणि "तात्या" एवढा एक शब्द कसाबसा. दारात तात्यांची मुलगी उभी होती. ती खाली आली, रिक्षात चढली आणि ताईंच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या. टपरीवरचा तो म्हातारा रिक्षाच्या पुढं होऊन वाट करून देत होता.

मला मात्र राग आला होता, आणि तो गेलेला नाही. एका गावाच्या चार गल्ल्यांसाठी बाईनं आयुष्यभराचा आवाज घालवला. लेखी माफी लावता आली असती. मी बोलले असते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यांच्यावर ओरडले, मग म्हणाले, आता काही करता येणार नाही. दाजी बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी काही बोला त्यांना. ते म्हणाले, "काय बोलू? ती तिथं गेली नसती तर ती ती न्हवतीच." आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर ताई दुकानात येत राहिल्या. आवाज मशीनचा चालू ठेवला, पण अट घातली, मयताचा मजकूर त्याला द्यायचा नाही, आणि दुसरा प्रत्येक मजकूर त्यांनी बघितल्याशिवाय जायचा नाही. सुनेला काय सांगायचं ते त्या हातवारे करून मला सांगायच्या, मी टाइप करायचं. दुकानदारांना विचारायचा प्रश्न आता पाटीवर लिहून न्यायच्या. मी एकदा मशीनचा तो आवाज त्यांच्या फोनमध्ये घालून दिला आणि म्हटलं, ताई, फोनवर टाइप करा, तुमच्याच आवाजात बोलेल तो, घरात तरी वापरा. त्यांनी फोनकडं बघितलं आणि मान हलवली. नको. दाजी मला नंतर सांगत होते, रिक्षा गल्लीत आली की ते हातातलं काम टाकून दारात येऊन उभे राहतात. "कूलर घ्यायचा न्हाई काही. उगंच."

माझं लग्न ठरलं नांदेडला. निघायच्या दिवशी ताई लातूरच्या स्टँडवर आल्या, तात्यांनी दिलेलं ते पितळी पातेलं घेऊन. माझ्या मांडीवर ठेवून दिलं. मी नको म्हणत राहिले, त्या ऐकेनात. एसटी भरली. त्या खाली, खिडकीखाली, एका जागी उभ्या. मला काहीतरी हसवण्यासारखं बोलायचं होतं, रडू येत होतं, म्हणून मी पातेल्याला टिचकी मारली आणि म्हटलं, "बघून येते हं, ताई."

त्या हसल्या. घाईनं फोन काढला, दोन-चार अक्षरं टाइप केली. मी कान दिला. त्यांचा तो खणखणीत आवाज मला एकदा पाहिजे होता, खोटा तर खोटा. पण बोट बटणापाशी थांबलं. त्यांनी फोन कंबरेला खोचला, खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले आणि बांगड्या गजांवर वाजल्या. मग तोंड उघडून त्या बोलल्या, सगळं, सावकाश, अजिबात आवाज न येता. एसटी हलली. मला एकेक अक्षर कळलं.

वाट पाहून राहिले.